माझ्या डोक्यावरची शपथ

आमच्या घरात हळू आवाजात कुणी बोलतच नसे. बाबा वीस-पंचवीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिलेले. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि उजव्यानं त्यांच्या मर्जीप्रमाणे यायचं. त्यात नारपोलीतल्या आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत म्हणजे मागांच्या शेडचीच भिंत. पलीकडे माग खटखटू लागले की आमच्या फळीवरची पातेली हळूहळू सरकत कडेला यायची आणि आई येता-जाता त्यांना मागं ढकलायची. हाक मारायची ती ओरडून, ओ द्यायची तीही ओरडून. आमचं भांडण चाललंय की लाड, हे बाहेरच्याला कळत नसे. लग्नानंतर पहिले सहा महिने माझ्या सासूबाईंची समजूत होती की नवी सून त्यांच्यावर डाफरते. आजही माझा फोन गेला की नात मोबाइल कानापासून हातभर लांब धरते. म्हणून त्या घरात कुणी दबक्या आवाजात बोलायला लागलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय. त्या वर्षी आई दबक्या आवाजात बोलायला लागली.

आई भिशी चालवायची. आमच्या भिवंडीत मागावरच्या कामगारांच्या खानावळीला भिशी म्हणतात. चौदा जण दोन्ही वेळा जेवायचे, काही उत्तरेकडचे, काही तेलंगणाकडचे. एकाला रोटीच हवी, दुसऱ्याला भातावर डोळ्यांतून पाणी येईल इतकं तिखट. आणि आमची आई वज्रेश्वरीजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची लेक, तिचा जीव तांदळाच्या भाकरीत आणि सुक्या मासळीत. सगळ्यांचं सगळं करून झालं की ती आमच्यापुरता तव्यावर जवळा परतायची. तो वास सुटला की पंगतीतले दोघं-तिघं नाक दाबायचे आणि बाकीचे ताट घेऊन आत डोकवायचे. वाढायचं काम माझं आणि दादाचं. दादा म्हणजे वसंत, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी, पमी, तेव्हा अकरावीला होते, तो बाबांच्याच शेडमध्ये माग चालवायचा, त्याच्या भाषेत ‘लूम’. वाढताना तो ज्याच्यासमोर उभा राही त्याचीच नक्कल करी. रामसजन चाचा म्हणून एक वयस्कर कामगार होते, ते डाळ मागताना आधी खाकरायचे. दादा त्यांच्याआधी खाकरून डाळीचा डाव पुढं करायचा. चाचांना हसून ठसका लागे. भाताच्या पातेल्याची खरवड काढून तो माझ्या ताटात टाकायचा आणि आईला सांगायचा, खरवड निघालीच न्हाय आज. मला दादा फार आवडायचा, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यातून तसं दिसणार नाही.

त्याचं कसं सुरू झालं हे आम्हाला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. बारा-बारा तासांची शिफ्ट, उभं राहून पाय सुजायचे. कुणीतरी खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. खोकला नव्हताच, पण पाय दुखायचे थांबले. मग बाटलीनं भागेना म्हणून पावडर आली, चांदीच्या कागदावर जाळून ओढायची. पेपरात तिला गर्द म्हणत. दादाचे सोबती नुसतं ‘माल’ म्हणत, जणू ट्रकमधून उतरणार आहे. नकला थांबल्या. वाढता वाढता तो भिंतीला टेकून उभ्या-उभ्या झोपायचा आणि डाव हातातून पडायचा. एकदा गरम डाळ त्याच्याच पायावर सांडली आणि त्याला समजलंही नाही. मी ओरडले तेव्हा त्यानं खाली पाहिलं. त्या दिवशी बाबांनी त्याला एक थोबाडीत दिली आणि स्वतःच मोरीत जाऊन रडले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नाही, असं त्यांना वाटायचं.

आईनं तिच्या परीनं सगळं केलं. गुरुवार धरले, मंगळवार धरले. गावच्या भगताकडून अंगारा आणून डाळीत कालवला. तो चौदा जणांनी खाल्ला, पण गुण कुणालाच आला नाही. दादाला तिनं स्वतःची शपथ घातली. दादानं तिच्या गळ्याला हात लावून घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग एका दुपारी भाकऱ्या थापता थापता ती मला दबक्या आवाजात म्हणाली, “आयची शपथ पोराला लागत न्हाय गं. आय माफ करते ना, म्हणून लागत न्हाय. बहिणीची लागते.” हे शास्त्र तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मी हसले. मला वाटलं, बोलतेय नुसती.

पुढच्या मंगळवारी आम्ही तिघं एसटीनं वज्रेश्वरीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडात आईनं दादाला मानेपर्यंत बसवलं, त्याची पाठ खसखसा चोळली, जणू आतलं सगळं कातडीतूनच निघणार होतं. मग पायऱ्या चढून देवळात. माझे केस ओले होते. आईनं दादाचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. कुंडातून आलेला तो हात अजून गरम होता. आई म्हणाली, “बोल, देवीसमोर बोल.” दादा म्हणाला, “पावडरला परत हात लावला, तर...” आणि थांबला. आई म्हणाली, “पुढचं बोल.” तो म्हणाला, “आई, पमी नको ना.” “बोल!” तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “तर पमी मरंल.” मला कुणी काही विचारलं नाही. डोकं माझं, पण मला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नाही. खाली उतरल्यावर आईनं कांदाभजी घेतली. मी खाल्ली. चौथं भजं खाताना मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ते भजं तसंच हातात राहिलं.

त्या दिवसापासून मी माझ्याच नाडीवर बोट ठेवून फिरायला लागले. शिंक आली तरी वाटायचं, झालं, यानं घेतली. कॉलेजात बाकावर बसले असताना छातीत जरा धडधडलं की मला शेडमागं बसलेला दादा दिसायचा, हातात कागद घेतलेला. घरी आले की आधी त्याचे डोळे बघायचे, मग चप्पल काढायची. त्याचे खिसे चाचपायची, त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. तो मोरीत गेला की मी दाराबाहेर उभी राहून अंक मोजायची, आणि शंभराच्या वर गेला की दार वाजवायची. तो आतून ओरडायचा, “अगं, माणसाला मोरीत तरी जाऊ दे!” मला आता हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं. मी सोळा वर्षांची होते आणि माझा जीव दुसऱ्या माणसाच्या मुठीत होता, अशा माणसाच्या, की ज्याची मूठ थरथरत होती.

कारण त्यानं खरंच सोडली होती. हे मी आज लिहू शकते. शपथेनंतरच्या दुसऱ्या दिवशीच त्याला कापरं भरलं. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, पोटात कळा. पाय असे झटकायचा की गोधडी पायापाशी गोळा व्हायची. शेडमध्ये बाबांनी सांगितलं, पोराला कावीळ झालीय. आज अशा मुलांना दवाखान्यात ठेवतात, औषधं देतात, कुणीतरी शेजारी बसून बोलतं. आमच्याकडे आईनं त्याच्या उशाशी देवीचा फोटो ठेवला आणि दाराला कडी घातली. चार-पाच दिवसांनी तो उठून बसला. आठव्या दिवशी त्यानं पेज मागून घेतली. दहाव्या दिवशी रामसजन चाचा खाकरले आणि आतल्या खोलीतून दादाही खाकरला. सगळी पंगत हसली. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि त्या दिवशी ती पुन्हा नेहमीसारखं ओरडून बोलली.

अकराव्या दिवशी मला ताप आला.

साधा नाही, हुडहुडी भरून आला. दात वाजायला लागले. आईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि मान वळवून दादाकडं बघितलं. मी तिच्याकडं बघत होते, म्हणून ती नजर मला माहीत आहे. दादा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “मी न्हाय घेतली.” अजून कुणी त्याला काही विचारलंसुद्धा नव्हतं. आई त्याच्यावर धावून गेली. “घेतलीस ना? पोरीचं मढं बघायचं हाय तुला?” तो एकच म्हणत राहिला, “न्हाय घेतली, आई. देवीशप्पथ न्हाय घेतली.” शपथेवर शपथ घेतली म्हणून आईनं त्याला आणखी दोन दिल्या. तो माझ्याकडं वळला. “पमे, तू तरी सांग. तूच तर पहारा देतेस.” मी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी रात्रंदिवस त्याच्या मागं होते, त्याचा एकेक श्वास मोजत होते, त्यानं घेतली नाही हे कुणाला ठाऊक असेल तर ते मला होतं. पण ताप मला होता. मला वाटलं, देवीला माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, मलेरिया आहे, गटारं बघा तुमच्याकडची. कडू गोळ्या दिल्या. बाबांना हायसं वाटलं. आई वाटेत म्हणाली, “मच्छर चावला हे खरं. पण त्याला धाडला कुणी?” एक दिवसाआड ताप चढायचा, आणि चढला की घरातली प्रत्येक नजर दादाकडं जायची. त्या दिवसांत मला भरवलं ते त्यानंच. आई भिशीच्या स्वैपाकात, बाबा मागावर. तो वाटीत पेज घ्यायचा, सुका बोंबील भाजून तिच्यात चुरायचा. त्याचे हात अजून पुरते थांबले नव्हते. चमचा वाटीवर वाजायचा, आणि माझे दात चमच्यावर वाजायचे. एकदा तो हसून म्हणाला, “पमे, आपल्या दोघांना एका लूमवर लाव, चांगली शिफ्ट निघंल.” मला हसायची भीती वाटली. तो माझ्या इतका जवळ बसायचा, आणि मी मनात म्हणायचे, हा माझा जीव घेतोय.

तो काय विचार करत होता हे मला शपथेनंतरच्या तिसऱ्या मंगळवारी समजलं. आई देवीची ओटी भरायला पहाटेच वज्रेश्वरीला गेली होती. कामगार जेवून गेले होते, बाबा मागावर होते. भिंतीपलीकडे खटखट चालू होती. मला पुन्हा हुडहुडी भरली होती आणि माझ्या अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या होत्या. दादा ताटं घासून आत आला, हात शर्टाला पुसले आणि माझ्या उशाशी बसला. मग इतक्या हळू बोलला की मला त्याच्या ओठांकडं बघावं लागलं. “पमे, नुसतं मनात आलं तरी लागत असेल का गं?”

मी विचारलं, “काय मनात आलं?”

“पावडर. रोज येते. आत्ता पण आलीय. उठता-बसता तीच. मी हात न्हाय लावला, तुझ्या गळ्याशप्पथ न्हाय लावला. पण मनात येते त्याला मी काय करू? मनात आली की तुला ताप चढतो. मी बघितलंय, दोनदा जुळलंय.” तो माझ्याकडं बघत नव्हता, गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवत होता. “नुसत्या मनात आल्यानं तुझी ही गत. आणि मी घेणार, पमे. आज न्हाय तर उद्या. मला माहिती हाय, मी घेणार. तेव्हा तू वाचशील का?”

मी रडायला लागले. तो म्हणाला, “रडू नको. सुटली म्हण.”

आमच्याकडे शपथेची ही एक वाट असते, लहानपणापासून सगळ्यांना माहीत असलेली. ज्याच्या जिवाची शपथ घातली त्यानं आपल्या तोंडानं ‘सुटली’ म्हटलं की शपथ उतरते. माझी शपथ आहे, एवढा घास खा. मग घास खाल्ला जात नाही, मग सुटली म्हण. लाडाची गोष्ट. देवीसमोर घेतलेल्या शपथेला ती चालते का, हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. मी म्हणाले, “आई काय म्हणेल?” तो म्हणाला, “आईला सांगू नको. आपल्या दोघांत.” मग त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यानं माझे दोन्ही पाय धरले. मोठ्या भावानं. “पमे, मी तसाच जाऊ शकतो. पण मग तू मरशील. म्हण ना गं.”

आता मी सांगते, मला काय काय समजत होतं. मी सुटली म्हटलं की तो जाणार, हे समजत होतं. तो कुठं जाणार, काय करणार, हेही समजत होतं. तीन आठवडे त्या एका हातानं त्याला धरून ठेवलं होतं, अंगाऱ्यानं नाही, उपासांनी नाही, बाबांच्या थोबाडीनंही नाही. माझं डोकं आणि त्याचा हात, एवढ्यावर तो उभा होता. त्याचं माझ्यावर इतकं प्रेम होतं. आणि मला मरायचं नव्हतं. सोळा वर्षांची होते, अंग कापत होतं, आणि मला मरायचं नव्हतं. मी गोधडी तोंडावर ओढली आणि आतून म्हणाले, “सुटली.” तो म्हणाला, “मोठ्यानं म्हण, ऐकू न्हाय आलं.” मी ओरडून म्हणाले. भिंतीपलीकडे माग चालू होते, कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता. त्यानं माझ्या पायांवर गोधडी नीट सारखी केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि गेला.

आणि मला झोप लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ, स्वप्नाविना झोप. हे लिहिताना माझी लेखणी दोन दिवस थांबली होती, पण लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिलं पाहिजे. जाग आली तेव्हा घामानं सगळं अंथरूण भिजलं होतं. आई परत आली होती आणि माझ्या कपाळाला अंगारा लावत होती. “उतरला गं बाय! बर्फासारखं थंड पडलंय कपाळ. ऐकलं माझ्या देवीनं!” ती आनंदानं ओरडत होती, आणि तेवढ्यात रामसजन चाचा दारात आले. ते खाकरले नाहीत. म्हणाले, “भाभी, वसंत उठ नहीं रहा है.” शेडच्या मागं सुताच्या रद्दीच्या गोण्या रचलेल्या असत. दादा तिथं गोणीला पाठ लावून बसला होता, मान छातीवर टाकून, वाढता वाढता झोपायचा तसा.

खूप वर्षांनी, आमच्या गल्लीतल्या एका पोराला त्याची आई व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन चालली होती, तिच्या सोबतीला मी गेले. तिथल्या डॉक्टरांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, काही आठवडे बंद ठेवलं की शरीराची सवय मोडते. मग माणूस पहिल्याएवढंच घेतो आणि त्याचा श्वास थांबतो, असं फार वेळा होतं. म्हणजे शपथ लागू पडली होती, फार चांगली लागू पडली होती. मी त्यांना बरं म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले. मी अजून देवीला जाते. ओटी भरते, नारळ ठेवते. पण माझ्या घरात शपथ घ्यायची नाही. नात दर वाक्याला आईशप्पथ म्हणते आणि मी दर वेळी तिच्यावर ओरडते. ती म्हणते, आजी, तू किती जुन्या विचारांची आहेस.

आईचं मात्र त्याच दिवशी, दारातच ठरून गेलं. वसंतानं शपथ मोडली, आणि देवीनं पोरीला सोडून मोडणाऱ्याला धरलं. पुढची सगळी वर्षं ती दर मंगळवारी अनवाणी वज्रेश्वरीला जायची, पाय चालेनासे झाले तेव्हा रिक्षानं जायची, आणि पायरीवर डोकं टेकून मुलाच्या वतीनं माफी मागायची. शपथ मोडणाऱ्याला पुढं गती मिळत नाही, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. तो कुठंतरी अडकून पडलाय, अशी तिला धास्ती होती. पेज केली की अर्धी वाटी दाराबाहेर ठेवायची. मी एका वाक्यात तिला सोडवू शकले असते. आई, त्यानं नाही मोडली. मरेपर्यंत नाही मोडली, माझ्याकडून सोडवून घेतली आणि मगच गेला. पण मग तिनं विचारलं असतं, सोडली कुणी? आधी वाटलं, लग्न झाल्यावर सांगू. मग वाटलं, बाबा गेल्यावर. मग माझी मुलं मोठी झाली आणि भीती तेवढीच राहिली.

शेवटच्या आजारात ती माझ्याकडं होती. आवाज पार गेला होता. आमच्या घरातलं ते ओरडणं संपलं होतं आणि ती बोलली की कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागे. एका सकाळी मी तिचे पाय चेपत बसले होते. ती छताकडं बघत म्हणाली, “तुझ्यावर किती जीव होता गं त्याचा. एवढी एक शपथ तरी पाळायची होती त्यानं.”

मी पाय चेपत राहिले. म्हणाले, “हो आई. पाळायला हवी होती.”